नऊ एप्रिलची सुट्टी

तर मंडळी, झालं असं की आमच्या प्रोजेक्टची अर्धी टीम मनिलात बसते आणि अर्धी इकडे. रिलीजची तारीख ठरवायची म्हणजे दोन्ही देशांच्या सुट्ट्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. यंदा मी याद्या न बघताच, मोठ्या आत्मविश्वासाने, ९ एप्रिल धरली. पाच मिनिटांत तिकडच्या लीडचा निरोप आला, "नऊला नको, आमची सुट्टी असते. शौर्य दिन."

मला वाटलं, कुठलीतरी लढाई जिंकली असणार. संध्याकाळी विरार फास्टमध्ये, एका हाताने कडी पकडून दुसऱ्या हाताने शोधाशोध केली आणि चक्रावलोच. ९ एप्रिल १९४२ रोजी फिलिपिन्समधल्या बातान नावाच्या द्वीपकल्पावर सुमारे ७५ हजार सैनिकांनी जपानसमोर शस्त्रं खाली ठेवली होती. म्हणजे हा शरणागतीचा दिवस! आणि १९६१ पासून तो तिथे कायद्याने पाळला जातो. हरल्याच्या दिवशी सुट्टी? आपण वसईकर तर १७३९ मधल्या चिमाजी अप्पांच्या विजयाशिवाय दुसरी तारीख सांगत नाही.

मग काय, पुढचे दोन-तीन विकांत त्यातच गेले. आणि वाचता वाचता या गोष्टीच्या पार सुरुवातीला मला चक्क एक वसईकर भेटला.

वसईत राहणाऱ्यांना संत गोन्सालो गार्सिया हे नाव नवीन नाही. गासचं चर्च त्यांच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्यांच्या नावाचं. पण ते नेमके कोण, असं विचारलं तर माझ्यासारख्या गैरख्रिस्ती वसईकराचं उत्तर "कोणीतरी संत" एवढंच. जन्म साधारण १५५७ चा, वसईतच. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांच्या शाळेत शिकलेला हा मुलगा विशीच्या आतच त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा फर्डी बोलायला लागला. जेझुइटांनी संघात काही घेतलं नाही, तेव्हा त्याने काही वर्षं व्यापार केला आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन पंथाचा ब्रदर झाला.

फिलिपिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. १५९२ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर सैन्य घातलं आणि त्याच सुमारास मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला पत्र धाडलं. मतलब असा की मुकाट्याने माझं स्वामित्व मान्य करा, नाहीतर सैन्य पाठवतो. मनिलात पळापळ झाली. गव्हर्नरने वेळ काढण्यासाठी वकील पाठवले. त्यातल्या १५९३ च्या वकिलातीचे प्रमुख होते पेद्रो बाउतिस्ता नावाचे फ्रान्सिस्कन फादर. त्यांना जपानी येत नव्हतं. मग दुभाषा म्हणून कोण गेलं? तर आपले गोन्सालो गार्सिया.

कल्पना करा, समोर हिदेयोशी बसलाय, तो हल्ल्याची धमकी देतोय, आणि ती धमकी आणि तिचं उत्तर दोन्ही वसईच्या माणसाच्या तोंडून जातंय. बोलणी होऊन फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहायची परवानगी मिळाली. पण १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यावरून संशय वाढला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर मारण्यात आलं. गोन्सालो त्यातले एक. पुढे १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

हिदेयोशी १५९८ मध्ये मेला. फिलिपिन्सवरचा हल्ला तेव्हा काही झाला नाही. तो झाला पत्रानंतर ३४९ वर्षांनी.

(नमनाला घडाभर तेल झालं खरं, पण वसईचा माणूस मधे आला की इलाज नसतो.)

आता १९४१. जपान १९३७ पासून चीनमध्ये लढत होता. त्याने इंडोचायनाचा दक्षिण भागही घेतला, तेव्हा अमेरिकेने त्याचं तेल तोडलं. जपानला तेल हवं होतं आणि ते जवळात जवळ डचांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात होतं. नकाशा उघडून बघा, जपान ते इंडोनेशिया या समुद्री वाटेवर बरोब्बर मधे फिलिपिन्सची सात हजारांवर बेटं पसरलेली आहेत, आणि तिथे अमेरिकेचे तळ होते. फिलिपिन्स १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात होतं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अमेरिकेने १९३४ सालीच कायदा करून दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर स्वातंत्र्य द्यायचं कबूल केलं होतं. १९३५ पासून मानुएल केसोन हे तिथले निवडून आलेले अध्यक्ष होते. स्वातंत्र्याची तारीख ठरलेली होती, १९४६.

पर्ल हार्बरनंतर काही तासांतच, मनिलाच्या कॅलेंडरप्रमाणे ८ डिसेंबर १९४१ ला दुपारी, जपानी विमानांनी क्लार्क फील्डवर जमिनीवर उभी असलेली अमेरिकन विमानं उडवली. २२ डिसेंबरला लिंगायेनच्या आखातात जनरल होम्माचं मुख्य सैन्य उतरलं. २ जानेवारी १९४२ ला जपानी मनिलात शिरले.

जनरल मॅकआर्थरने सैन्य बातानमध्ये मागे घेतलं. मूळ योजनाही तीच होती, की बातानमध्ये साठा करायचा आणि मदत येईपर्यंत टिकून राहायचं. पण मॅकआर्थरने आधी ती बदलून किनाऱ्यावरच लढायचं ठरवलं होतं, त्यामुळे धान्य आणि सामान पुढच्या ठाण्यांवर विखुरलं गेलं. ऐनवेळी पुन्हा जुन्या योजनेवर आल्यावर ते सगळं मागे राहिलं. कबानातुआनच्या सरकारी गोदामात तर तांदूळ पडून होता, पण एका प्रांतातला तांदूळ दुसऱ्या प्रांतात न्यायचा नाही असा नियम होता. म्हणून तो हलला नाही! शत्रू दारात आणि फाइल अडलेली. आमच्या धंद्यात आयत्या वेळी रोलबॅक केल्यावर काय होतं ते ठाऊक आहे, पण तिथे त्याची किंमत माणसांनी मोजली.

बातानमध्ये सुमारे ८० हजार सैनिक आणि २६ हजार नागरिक अडकले. जानेवारीतच शिधा निम्मा झाला. घोडदळाचे घोडे मारून खाल्ले. मलेरियाने माणसं आडवी झाली आणि क्विनाइन संपलं. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून मॅकआर्थर ऑस्ट्रेलियाला गेला. ९ एप्रिलला जनरल एडवर्ड किंगने वरिष्ठांना न विचारता, स्वतःच्या जबाबदारीवर शरणागती दिली. या ७५ हजारांतले सुमारे १२ हजार अमेरिकन. बाकी सगळे, म्हणजे दर सहांतले पाच, फिलिपिनो. हॉलिवूडचे सिनेमे बघून आपल्याला वाटतं की ही अमेरिकनांची गोष्ट. आकडे बघा.

त्यानंतरची ती पायपीट. मारिवेलेसपासून सान फर्नांदोपर्यंत सुमारे १०० किलोमीटर. आपल्या हिशेबात चर्चगेट ते बोईसर. एप्रिलचं ऊन, तीन महिने अर्धपोटी राहिलेली माणसं, पाणी मागितलं तर संगिनीने मार. जो बसला तो गेला. सान फर्नांदोहून बंद मालडब्यांत माणसं कोंबली आणि पुढे पुन्हा चालवत ओ'डोनेल छावणीत नेली. वाटेत नेमके किती मेले यावर एकमत नाही, पण फिलिपिनो मृतांचे अंदाज पाच ते दहा हजारांच्या घरात आहेत. छावणीत गेल्यावर पुढच्या काही महिन्यांत आजाराने आणि उपासमारीने आणखी वीस हजारांहून जास्त फिलिपिनो दगावले. वाटेवरच्या गावातली माणसं मात्र केळीच्या पानात भात बांधून कैद्यांकडे फेकत होती. पकडलं तर मरण, हे माहीत असून. मला वाटतं शौर्य दिनाचा अर्थ मला पहिल्यांदा इथे कळला.

पुढे तीन वर्षं जपानी अंमल. आता जरा आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. जगभरचे कॉम्प्युटर वेळेचा हिशेब करताना टाइमझोनचा एक डेटाबेस वापरतात. त्यात 'एशिया/मनिला' ची नोंद उघडलीत तर १९४० च्या दशकात मधेच काही काळ टोकियोची वेळ दिसते. जपान्यांनी घड्याळंसुद्धा टोकियोला लावली होती. आणि खाली 'एशिया/कोलकाता' बघितलंत तर १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ आपलीही घड्याळं एक तास पुढे होती, इंग्रज सरकारच्या हुकमाने. दोन्हीकडे किती वाजले ते परक्यांनी ठरवलं. इतकी वर्षं हा डेटाबेस वापरतोय, पण त्यात युद्ध दडलंय हे कधी लक्षात आलं नव्हतं.

घड्याळापाठोपाठ बाकीचं आलंच. शाळांतून जपानी भाषा. चौकात पहारेकरी दिसला की वाकून नमस्कार, चुकला तर थोबाडीत. इंत्रामुरोसमधल्या सांतियागो किल्ल्यात केंपेइताई, म्हणजे लष्करी पोलिसांचा छळखाना. जपान्यांनी छापलेल्या नोटांना लोक 'मिकी माउस मनी' म्हणायचे; १९४४ पर्यंत पैसे पोत्यातून न्यायचे आणि तांदूळ ओंजळीत आणायचा अशी गत झाली. सरन्यायाधीश होसे आबाद सांतोस यांनी जपान्यांना साथ द्यायला नकार दिला, त्यांना मे १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. डोंगरांत आणि भातशेतीच्या मुलखात गनिमी टोळ्या उभ्या राहिल्या, त्यातली हुकबालाहाप ही शेतकऱ्यांची. शेवटी शेवटी ४८ पैकी जेमतेम १२ प्रांतांवर जपानचा खरा ताबा होता. दुसरीकडे 'माकापिली' नावाचे जपानधार्जिणे लोकही होते. ते डोक्यावर पिशवी घालून यायचे आणि रांगेतल्या माणसांकडे नुसतं बोट दाखवायचे. तेवढं पुरे व्हायचं. आपल्या गल्लीतलाच कोणीतरी त्या पिशवीत आहे, हे माहीत असून तिथे जगायचं!

इथे मला एक अडचण आली, आणि खरं सांगायचं तर हा लेख तिच्यासाठीच लिहितोय.

आपल्या घरात जपान म्हटलं की काय आठवतं? नेताजी. आझाद हिंद सेना. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले त्या सेनेच्या अगदी वरच्या अधिकाऱ्यांपैकी होते, याचा आपल्याला अभिमान असतो. शत्रूचा शत्रू तो मित्र, असं आपण सहज म्हणून जातो. १९४२ साली इंग्रज आपल्याला तारीख द्यायला तयार नव्हते, त्यामुळे ते म्हणणं समजण्यासारखंही आहे. पण फिलिपिन्सकडे तारीख होती. 'आशिया आशियाई लोकांचा' ही जपानची घोषणा तिथे आली ती ठरलेलं स्वातंत्र्य पुढे ढकलायला, असंच म्हणायला हवं.

१४ ऑक्टोबर १९४३ ला जपानने फिलिपिन्सला 'स्वातंत्र्य' दिलं. अध्यक्ष झाले होसे लाउरेल. त्याच नोव्हेंबरमध्ये टोकियोत बृहत्तर पूर्व आशियाची परिषद भरली. तिथे लाउरेल होते आणि निरीक्षक म्हणून नेताजीही होते. त्याच परिषदेत जनरल तोजोने अंदमान-निकोबार आझाद हिंद सरकारला देण्याची घोषणा केली. ३० डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. हे आपल्या पाठ्यपुस्तकात असतं.

पुढचं नसतं. अंदमान २३ मार्च १९४२ पासून जपान्यांच्या ताब्यात होतं. नेताजी तिथे आले तेव्हा दिवाण सिंग नावाचे पंजाबी कवी-डॉक्टर सेल्युलर जेलमध्ये होते. होय, तोच तुरुंग, जो सावरकरांमुळे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. हेरगिरीच्या आरोपावरून त्यांचा छळ चालू होता आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० जानेवारीला होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. तिरंगा फडकल्याला अजून पाच आठवडेही झाले नव्हते.

यातून नेताजींवर निकाल द्यायचा माझा विचार नाही, तेवढी माझी लायकीही नाही. लाउरेलचंच बघा. केसोन देश सोडून गेले तेव्हा लाउरेलना मागे ठेवलं गेलं होतं. १९४३ मध्ये गनिमांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते वाचले. १९४४ मध्ये त्यांनी अमेरिकेविरुद्ध युद्ध जाहीर केलं, पण फिलिपिनो पोरांची सक्तीची भरती काही होऊ दिली नाही. युद्धानंतर देशद्रोहाचा खटला, मग १९४८ मध्ये सार्वत्रिक माफी. देशद्रोही की ढाल? तिथे आजही वाद आहे. माझं म्हणणं एवढंच की परकं सैन्य 'मुक्त' करायला आलं तर त्याला झेंड्यावरून जोखू नये. चौकातल्या पहारेकऱ्यासमोर वाकणाऱ्या माणसाला विचारावं.

शेवट सगळ्यात भयंकर झाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॅकआर्थर लेयते बेटावर परत उतरला. जनरल यामाशिता मनिला सोडून डोंगरात गेला, पण रिअर अॅडमिरल इवाबुचीच्या नौदलाच्या तुकड्या शहरातच अडून बसल्या. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च १९४५ अशी महिनाभर गल्लीबोळांत लढाई झाली. जपान्यांनी नागरिकांच्या कत्तली केल्या आणि अमेरिकन तोफांनी शहर भाजून काढलं. सुमारे एक लाख नागरिक मेले असा अंदाज नेहमी दिला जातो. इंत्रामुरोसच्या तटातल्या सात चर्चपैकी एकटं सान अगुस्तिन उभं राहिलं. पडलेल्यांत फ्रान्सिस्कनांचं चर्चही होतं. ज्या पंथात आपल्या गोन्सालोने मनिलात दीक्षा घेतली, त्याच पंथाचं. त्या जागेवर आज मापुआ युनिव्हर्सिटी आहे, इंजिनियरिंगसाठी प्रसिद्ध. हे आमच्या लीडला कळवलं तर तो म्हणाला, "मी तिथूनच पास झालो." दोघेही थोडा वेळ गप्प.

त्या लढाईत एल्पिदियो किरिनो यांची बायको आणि पाचांपैकी तीन मुलं मारली गेली. पुढे हे किरिनो देशाचे अध्यक्ष झाले. १९४९ च्या निवडणुकीत त्यांनी लाउरेलनाच हरवलं. आणि १९५३ मध्ये याच माणसाने तुरुंगातल्या शंभरावर जपानी युद्धगुन्हेगारांना माफी दिली. आपल्या मुलांना आणि देशाला द्वेषाचा वारसा नको, अशी त्यांची भूमिका होती.

वाचून मी भारावलो होतो. मग पुढचं वाचलं. १९४३ मध्ये जपानी सैनिकांनी पंधरा वर्षांच्या मारिया रोसा हेन्सनला नाक्यावर पकडून नऊ महिने लैंगिक गुलामीत ठेवलं होतं. ती याबद्दल जाहीरपणे बोलली १९९२ मध्ये. जवळजवळ पन्नास वर्षं गप्प! तिच्यानंतर इतर बायका पुढे आल्या. त्यांच्या स्मरणार्थ ८ डिसेंबर २०१७ ला मनिलाच्या रोहास बुलेव्हारवर एक पुतळा उभारला. एप्रिल २०१८ मध्ये तो रात्रीतून हलवला गेला. जपान आज फिलिपिन्सचा जवळचा मित्र आहे, पुल आणि रेल्वेला मदत करतो, जशी ती आपल्याकडेही करतो. मैत्री हवीच. पण किरिनोंनी माफ केलं ते स्वतःचं दुःख. त्या बायकांच्या वतीने माफ करायला त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्या लीडला मी सहज विचारलं, तुमच्या घरी कोणी सांगायचं का हे? तो म्हणाला, "आजी जिवंत होती तोवर ताटात भाताचं शीत टाकू द्यायची नाही. का ते कधी बोलली नाही."

असो. रिलीज दहा तारखेला केला, विशेष काही फुटलं नाही :) आमच्या सुट्ट्यांच्या शीटमध्ये तारीख आणि देश एवढेच कॉलम होते. मी त्यात तिसरा घातलाय, 'कशाबद्दल'. नऊ एप्रिलपुढे लिहिलं, 'बातान, १९४२'. मनिलावाल्यांनी आमच्या सुट्ट्यांपुढे प्रश्नचिन्हं टाकून पाठवली आहेत. १ मे पुढेही एक आहे. त्याचं उत्तर लिहायला बसलो तर कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन दोन्ही आले, आणि १०६ हुतात्मेही आले. म्हणजे पुढच्या विकांताची सोय झाली.